आंबवणाचे भांडे: आधी हात आत जातो का ते पाहा

बिअर घरी करायला निघालेला नवखा माणूस सर्वांत जास्त डोकेफोड भांड्यावर करतो. काच घ्यावी की प्लॅस्टिक, स्टील असेल तर कुठल्या प्रतीचे, तळ सपाट हवा की नरसाळ्यासारखा? प्रश्न रास्त आहेत, क्रम मात्र उलटा आहे. भांडे आतून हाताने घासता येते का आणि ते घरात गार कुठे राहील, हे दोन प्रश्न सुटले की बाकीचे आपोआप लहान होतात. काटेवाडीसारख्या ठिकाणी तर दुसराच प्रश्न पहिला.

बारामती-इंदापूर रस्त्यावरच्या या गावात, खरे तर या सगळ्याच उसाच्या पट्ट्यात, आंबवणाला चालतील अशी वाटणारी भांडी घरोघर असतात. दुधाचे कॅन, निळे ड्रम, पाण्याचे जार, लोणच्याच्या बरण्या, माठ, माळ्यावर पडलेला तांब्याचा हंडा. त्यांतले कुठले खरोखर चालेल आणि कुठले नुसते चालेलसे वाटते, ते एकेक करून पाहू.

आधी कायदा

काटेवाडीत बसून परवान्याशिवाय बिअर आंबवणे हा गुन्हा आहे. १९४९ चा मुंबई दारूबंदी अधिनियम, म्हणजे आजचा महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, परवान्याशिवाय मद्य तयार करायला मनाई करतो आणि बिअर हे त्याच्या लेखी मद्यच आहे. घरापुरतीच केली, विकली नाही, पाचच टक्क्यांची होती, या सबबी तिथे चालत नाहीत. खिशात पिण्याचा परवाना असला तरी तो पिण्याचाच; करण्याचा नव्हे. पुण्यात २००९ मध्ये ‘डूलाली’ निघाली आणि नंतर इतर मायक्रोब्रुअऱ्या आल्या, त्या सगळ्या राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या परवान्यावर चालतात.

मग हे वाचायचे कुणी? एक तर या भागातून बाहेर गेलेल्यांनी. अमेरिकेत १९७८ मध्ये झालेल्या आणि १९७९ पासून लागू असलेल्या कायद्याने एका प्रौढाला वर्षाला १०० गॅलन, म्हणजे सुमारे ३७८ लिटर, आणि दोन प्रौढांच्या घराला २०० गॅलन बिअर स्वतःपुरती करता येते; विकता येत नाही. ब्रिटनने घरगुती बिअरवरची परवान्याची अट १९६३ मध्येच काढून टाकली. डॅलसमधल्या एखाद्या मराठी घराचे गॅरेज जुलैत काटेवाडीच्या पत्र्याच्या खोलीइतकेच तापते, तेव्हा इथले हिशेब तिथेही लागू पडतात. दुसरे वाचक म्हणजे परवाना काढून छोटा उद्योग करू पाहणारे. आणि तिसरे, ज्यांना बिअरशी घेणेदेणे नाही पण लोणची, कांजी असे काही आंबवायचे असते. भांड्याचे बरेचसे नियम तिथेही तेच राहतात. उसाच्या रसाचा शिरका करू पाहणाऱ्याने मात्र एवढे ध्यानात ठेवावे, की रस आधी दारूच्या टप्प्यातून जातो आणि मगच आंबट होतो. तो बेत असेल तर विचारणा आधी, रस नंतर.

भांड्यात काय चालते

मोड आणून वाळवलेली सातू भरडून गरम पाण्यात भिजवली की गोड काढा निघतो. त्याला वर्ट म्हणतात. हॉप्स घालून तो तासभर उकळतात, निववतात आणि त्यात यीस्ट सोडतात. पुढचे साधारण दोन आठवडे सगळे काम यीस्टचे आणि भांड्याचे.

यीस्ट साखर खाते आणि जवळजवळ सारख्याच वजनाचे अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकते. हिशेब सोपा आहे: १८० ग्रॅम ग्लुकोजमागे ९२ ग्रॅम अल्कोहोल, ८८ ग्रॅम वायू. पाचेक टक्क्यांच्या २० लिटर बिअरमध्ये दीड-पावणेदोन किलो साखर अशी खर्ची पडते. तिच्यातून निघणारा वायू नेहमीच्या हवामानात ४०० लिटरच्या आसपास भरतो. वीस लिटरच्या भांड्यातून दोन मोठे ड्रम भरतील एवढा वायू बाहेर पडायचा असतो, आणि त्यातला बहुतेक पहिल्या तीन-चार दिवसांत. म्हणून घट्ट झाकण आवळलेला कॅन किंवा बूच ठोकलेली काचेची बाटली म्हणजे सरळसरळ स्फोटक. प्रेशर कुकरला शिट्टी असते म्हणून तो चालेल, असे कुणी सुचवले तर ऐकू नये. फेसाबरोबर वर आलेला हॉप्सचा चोथा शिट्टीचे भोक बुजवतो.

वायूचा जोर असतो तोवर बाहेरची हवा आत यायला वावच नसतो. जोर ओसरला की चित्र पालटते. आता हवेतला ऑक्सिजन बिअर बिघडवू लागतो आणि चव ओल्या पुठ्ठ्यासारखी होते. शिवाय चिलटे आहेतच. गाळप हंगामात या भागात चिलटांना तोटा नसतो, आणि आंबट करणारे जिवाणू त्यांच्या पायांना चिकटून येतात. इंग्लंडमधल्या यॉर्कशरमध्ये काही जुन्या ब्रुअऱ्या अजून उघड्या हौदांत आंबवतात. वर यीस्टच्या फेसाची जाड साय धरते आणि तीच झाकणाचे काम करते. पण तिथली खोली थंड असते आणि माणसे रोज त्या हौदाजवळ उभी असतात. आपल्याकडे ती हौस नको.

तर भांड्याकडून मागणे एवढेच: आतला वायू सहज बाहेर जावा, बाहेरचे काहीही आत येऊ नये.

उकाड्याचा हिशेब

पाश्चात्त्य पुस्तकांत भांड्याच्या प्रकरणात तापमानाला एखादा परिच्छेद मिळतो. इथे तेच मुख्य प्रकरण आहे.

एल जातीच्या बिअरचे नेहमीचे यीस्ट १८ ते २२ अंशांत नीट वागते. लागरला तर साधारण ८ ते १३ अंश लागतात. बारामती भागात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो, रात्रीही खोली २५ च्या खाली जायला तयार नसते. त्यात आंबवण स्वतः उष्णता सोडते. जोर असतो तेव्हा भांड्याच्या आतले तापमान बाहेरच्यापेक्षा तीन-चार अंश सहज वर जाते. खोली ३० अंशांवर असेल तर यीस्ट ३३-३४ अंशांत काम करते आणि बिअरला नेलपॉलिश काढायच्या पातळ द्रवासारखा वास येतो, डोके दुखवणारे जड अल्कोहोल वाढते. त्या बिअरला मग भांडे काचेचे होते की सोन्याचे, याने काही फरक पडत नाही.

याच उष्णतेशी इथले साखर कारखाने रोज झुंजतात. माळेगाव किंवा सोमेश्वर कारखान्याच्या आसवनीत मळी पातळ करून मोठमोठ्या बंद टाक्यांत आंबवतात. एवढ्या मोठ्या टाकीच्या भिंती उष्णता बाहेर टाकायला पुरतच नाहीत. भांडे जितके मोठे, तितकी त्याच्या आतल्या द्रवाच्या मानाने भिंत कमी. म्हणून आतला द्रव सतत बाहेर खेचून हीट एक्स्चेंजरच्या थंड पत्र्यांमधून फिरवतात आणि बत्तीस-तेहतीस अंशांच्या आसपास धरून ठेवतात. मळीच्या आंबवणाला तेवढे चालते, कारण पुढे त्याचे ऊर्ध्वपातन व्हायचे असते आणि बारीकसारीक चवींचा प्रश्न तिथेच मिटतो. बिअरला पुढे गाळणारे यंत्र नाही. भांड्यात जे झाले ते ग्लासात येते.

घरगुती पातळीवर उपाय तीन. पहिला आणि सर्वांत खात्रीचा: जुना फ्रिज आणि त्याला बाहेरून लावलेला थर्मोस्टॅट. हा मार्ग धरायचा तर टेप घेऊन आधी फ्रिजचे आतले माप काढावे आणि मग भांडे बघायला निघावे. फ्रिजच्या तळाशी मागे कॉम्प्रेसरची पायरी असते, ती धरूनच माप घ्यावे. भांडे ज्या पायरीवर अडते ती दुकानात कुणाला दिसत नसते.

दुसरा उपाय टबाचा. मोठ्या टबात किंवा घंगाळात पाणी, त्यात भांडे, भांड्याला सुती चादर किंवा गोणपाट गुंडाळलेले आणि वरून पंखा. कोरड्या उन्हाळ्यात बाष्पीभवनाने पाच-सात अंशांचा फरक पडतो. भर पावसाळ्यात हवाच ओली असते, तेव्हा फार काही होत नाही. पाण्याच्या बाटल्या बर्फ करून सकाळ-संध्याकाळ टबात सोडल्या तर आणखी उतार मिळतो. या पद्धतीचा एक फायदा फ्रिजलाही नाही: वीज गेली तरी टबातले पन्नास-साठ लिटर पाणी तापायला तास न् तास लागतात. वस्तीवर राहणाऱ्याला याचे मोल सांगायला नको. आणि इथे भिंत स्टीलची की प्लॅस्टिकची याने जवळजवळ काहीच बिघडत नाही. पातळ भिंतीतून उष्णता निघून जाते. अडते ती बाहेरच्या हवेशी. ओले कापड आणि वारा ती अडचण दूर करतात.

तिसरा उपाय यीस्टच बदलण्याचा. नॉर्वेतल्या शेतकरी घरांनी पिढ्यानपिढ्या जपलेले क्वाइक नावाचे यीस्ट आहे. त्यातले व्हॉस हे वाण ३५ अंशांच्या पुढेही झपाट्याने आणि स्वच्छ आंबवते, संत्र्याच्या सालीसारखा किंचित वास देते. थंडीच्या देशातल्या यीस्टला आपला उकाडा मानवावा, ही मोठी गंमत आहे. माझे मत विचाराल तर उष्ण प्रदेशात राहणाऱ्याने महागड्या टाकीचे पैसे वाचवून आधी या यीस्टने सुरुवात करावी.

आणि ऋतू पाहावा. तुकोबांची पालखी काटेवाडीतून पुढे सरकली की हवा उतरू लागते. खरी सोय मात्र कार्तिकापासून माघापर्यंतची. त्या दिवसांत आतल्या खोलीत, जमिनीवर, भिंतीला लागून ठेवलेल्या भांड्याला ओल्या कापडापलीकडे फारसे काही लागत नाही.

दुधाचा कॅन

या भागातला माझा पहिला कौल स्टीलच्या दुधाच्या कॅनला. तोंड एवढे रुंद की कोपरापर्यंत हात आत जातो. आतून कोपरे गोलाई दिलेले असतात, त्यामुळे साका धरायला खाच नाही. कडेला धरायला दांडे असतात, आणि आपटला तर पोचा येतो, फुटत नाही. प्रकाश आत जात नाही. हॉप्समधल्या कडू घटकांवर ऊन पडले की बिअरला विचित्र उग्र दर्प येतो, ती भीती इथे नाही. आत काय चालले आहे ते दिसत नाही, ही उणीव मानायची तर माना.

पण तीन गोष्टी तपासाव्यात. कॅन ॲल्युमिनियमचा नाही ना? जुने बरेचसे असतात. बिअरची आम्लता ॲल्युमिनियम काही दिवस सोसते, धुण्याचा सोडा मात्र सोसत नाही. दोन-तीनदा घासल्यावर पृष्ठभाग काळवंडतो, त्याला खड्डे पडतात. स्टील असेल तर ३०४ प्रतीचे आहे का? स्वस्त भांडी बहुधा २०२ प्रतीची असतात आणि ती क्षारांपुढे लवकर हार मानतात. इथे चुंबकाची परीक्षा फसवी, कारण चुंबक २०२ लाही चिकटत नाही. बिलावर प्रत लिहून घेणे हाच मार्ग. तिसरी गोष्ट झाकणातली रबरी रिंग. दुधात वर्षभर राहिलेल्या रबरात दूध आंबवणारे जिवाणू मुरलेले असतात, आणि ते उकळत्या पाण्यानेही पुरते निघत नाहीत. बिअर ताकासारखी आंबट झाली तर संशय आधी रिंगेवर घ्यावा. म्हणून कॅन शक्यतो नवा घ्यावा, नाहीतर निदान रिंग तरी नवी घालावी.

झाकणाला वायूसाठी भोक पाडून घ्यावे लागते. हे काम गावातल्या वेल्डरला अवघड नाही, पण स्टीलचे पाते स्टीललाच वापरावे असे त्याला सांगावे. लोखंड घासलेल्या पात्याचे कण स्टीलमध्ये रुतून तिथे गंज धरतो. कॅन ४० लिटरचा असेल आणि बिअर २० लिटरची, तर आत निम्मी जागा रिकामी राहते. आंबवण चालू असताना तिथे वायू भरलेला असतो म्हणून चालते. आंबवण संपल्यावर तशीच महिनाभर ठेवू नये आणि पुन्हा पुन्हा उघडून बघू नये.

निळा ड्रम आणि प्लॅस्टिकची बादली

जगभर घरी बिअर करणाऱ्यांची पहिली बिअर बहुधा प्लॅस्टिकच्या पंचवीस-तीस लिटरच्या बादलीतच होते, आणि त्यात कमीपणा काही नाही. हलकी, स्वस्त, रुंद तोंडाची. तळाशी त्रिकोणात २ हा आकडा म्हणजे एचडीपीई. सोबत पेला आणि काट्याचे चिन्ह असेल तर ती अन्नासाठी आहे.

प्लॅस्टिकच्या भिंतीतून ऑक्सिजन झिरपतो हे खरे, पण त्याची धास्ती गरजेपेक्षा जास्त घेतली जाते. दोन-तीन आठवड्यांत तेवढ्याने काही होत नाही. सहा महिने मुरवायची बिअर असेल तर होते. खरा धोका ओरखड्यांचा. काथ्याने किंवा तारेच्या घासणीने एकदा घासले की आत बारीक चरे पडतात, आणि तिथे बसलेला जिवाणू कुठल्याही औषधाला सापडत नाही. मऊ कापड किंवा स्पंज, एवढेच. चरे पडलेली बादली धान्याला द्यावी आणि नवी आणावी. ती फेकण्याइतकी स्वस्त आहे, हाच तिचा मोठा गुण.

निळ्या ड्रमचे प्रकरण वेगळे. बाजारात मिळणारे जुने ड्रम आधी कशाकशाचे होते ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसते; रसायन, रंग, औषध, काहीही. ठिबकमधून खत सोडायला वापरलेला ड्रम तर घरातलाच असतो आणि धुतल्यावर स्वच्छ दिसतो. एचडीपीईमध्ये रसायने मुरतात आणि अल्कोहोल ती हळूहळू बाहेर काढते. नाकाला वास आला नाही म्हणून तो अन्नयोग्य ठरत नाही. जुना निळा ड्रम या कामाला नको, यात तडजोड नाही. लोणच्याची बादली त्या मानाने निरुपद्रवी, फक्त तिच्यातली बिअर लोणच्याची आठवण देत राहते.

पाण्याचा जार आणि काच

वीस लिटरचा पाण्याचा जार सगळ्यांच्या आधी सुचतो आणि सगळ्यांत जास्त छळतो. तोंड अरुंद असल्याने फेस वाळून गळ्याशी जी कडा धरतो ती काढायला हात जात नाही. लांब दांड्याचा ब्रश आणि रात्रभर भिजवणे, दोन्ही लागतात. वीस लिटरच्या जारमध्ये वीस लिटर आंबवता येत नाही, फेसाला जागा हवी. सोळाच घालावी लागते. त्यातून पॉलिकार्बोनेटचे जार कडक अल्कलीने तडकतात, आणि पेटच्या जारमध्ये कढत पाणी ओतले तर तो आक्रसून वाकडा होतो. बरेचसे जार पुरवठादाराच्या मालकीचे असतात, ते वेगळेच.

पेटचीच खास या कामासाठी केलेली भांडी मात्र चांगली असतात. ऑस्ट्रेलियातल्या केगलँड कंपनीचे फर्मझिला त्यातलेच. ते थोडा दाब सहन करते आणि दाबाखाली उष्ण आंबवणही बऱ्यापैकी स्वच्छ होते. मेलबर्न-सिडनीकडच्या वाचकाने त्याचा विचार जरूर करावा. त्याच्यावर दाब सोडणारी झडप असते. ती बुजलेली नाही ना, हे दर वेळी पाहावे.

काचेची मोठी बाटली दिसायला सुंदर. आत उसळणारा फेस, खाली बसणारा साका, सगळे दिसते. काचेला वास धरत नाही, चरा पडत नाही, हवा झिरपत नाही. एवढे गुण असूनही मी ती सुचवणार नाही. रिकामी बाटलीच सहा-सात किलोची, भरल्यावर पंचवीसच्या वर, आणि हात ओले. परदेशातल्या हौशी मंडळींत फुटलेल्या बाटलीने मनगट किंवा पाय कापल्याच्या हकिगती नवीन नाहीत. गार फरशीवर गरम पाणी भरलेली बाटली टेकवली तरी तळ सुटतो. चार-पाच लिटरच्या प्रयोगाला काच उत्तम, वीस लिटरला नको.

बरणी, माठ, हंडा

हे तिन्ही प्रश्न घरातल्या मोठ्या माणसांनी कधीच सोडवलेले आहेत, फक्त लोणच्याच्या संदर्भात. आंबट पदार्थ पितळेत ठेवला तर कळकतो, हे कुठल्याही आजीला माहीत असते. बिअरची आम्लता लोणच्याएवढी नसली तरी दोन आठवडे तांब्या-पितळेत राहिली तर धातू उतरतोच. वर्ट उकळायला तांब्याची भांडी शतकानुशतके वापरली गेली, ती घटकाभरासाठी. आंबवायला नाही.

चिनी मातीची बरणी आम्लाला टिकते, पण तिचे झाकण हवा थोपवत नाही आणि जुन्या झिलईत शिसे असू शकते. झिलईला केसासारख्या भेगा पडलेल्या असतील तर ती बरणी ओल्या आंबवणातून बाद समजावी. शिरक्याला मात्र याच्या उलट हवे असते. आंबट करणाऱ्या जिवाणूंना हवा लागते, म्हणून रुंद तोंडाची बरणी आणि वर फडक्याचा दादरा. त्याच कारणासाठी शिरक्याचे भांडे आणि बिअरचे भांडे एका खोलीतही ठेवू नये.

माठ किंवा रांजण? गोव्यात काजूची फेणी करताना बोंडूंचा रस मातीच्या मोठ्या भांड्यांत आंबवायची जुनी रीत आहे. भांडे जमिनीत अर्धे पुरायचे, म्हणजे उन्हाचा ताप लागत नाही. २००९ मध्ये या फेणीला भौगोलिक मानांकन मिळाले. आता बऱ्याच भट्ट्यांवर मातीच्या जागी प्लॅस्टिकचे ड्रम दिसतात. भांडे पुरण्याची कल्पना आजही घेण्याजोगी आहे, माती नाही. फेणीच्या रसात यीस्ट टाकत नाहीत, ते बोंडूंबरोबर आणि भांड्याच्या छिद्रांतून आपसूक येते. सोबत येणारा आंबटपणा पुढे भट्टीत मागे राहतो. बिअरच्या माठात छिद्रांत बसलेले सगळे जीव दर खेपेला हजर राहतात आणि त्यांना हाकलायला भट्टी नसते.

नरसाळ्याच्या तळाच्या टाक्या

मायक्रोब्रुअरीत गेलात तर उंच, चकचकीत, खाली निमुळत्या टाक्या दिसतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लिओपोल्ड नेथन या स्विस माणसाने हा आकार पुढे आणला. यीस्ट निमुळत्या तळाशी गोळा होते आणि झडप उघडून काढून घेता येते, टाकी उलटी करावी लागत नाही. भोवतीच्या दुहेरी भिंतीतून थंड पाणी किंवा ग्लायकॉल फिरते. वायनरीतल्या टाक्यांचे थंड करण्याचे तत्त्वही हेच.

हजार लिटरला हे सगळे हवेच. वीस लिटरला ती बहुतांशी हौस आहे. पूर्वीची पुस्तके आठवड्याने बिअर दुसऱ्या भांड्यात ओतायला सांगत, यीस्ट मरून चव बिघडेल म्हणून. छोट्या भांड्यात साक्यावर तेवढा भार नसतो. तीन-चार आठवडे एकाच भांड्यात राहिली तरी बिघडत नाही, उलट ओतताना लागणारी हवा टळते. परवाना घेऊन शंभर लिटरच्या पुढे जाणाऱ्यानेच नरसाळ्याच्या तळाकडे पाहावे, आणि पाहिलेच तर थंड करण्याची सोय असलेली टाकी घ्यावी. नुसता आकार घेऊन उपयोग नाही.

झाकण, नळी, तोटी

वायू बाहेर सोडायला पाण्याचा एअरलॉक मिळतो. पहिल्या दोन-तीन दिवसांत मात्र फेस त्यात चढतो आणि तो बुजतो. तेव्हा झाकणातून अन्नयोग्य नळी काढून तिचे दुसरे टोक पाण्याच्या बाटलीत बुडवणे जास्त शहाणपणाचे. नळी अंगठ्याएवढी जाड असेल तर उत्तम. नंतर एअरलॉक लावावा. भांडे फ्रिजमध्ये थंड केले की आतला वायू आकसतो आणि बाटलीतले पाणी उलटे आत ओढले जाते, म्हणून थंड करण्याआधी नळी काढावी.

तळाशी तोटी असली की बाटल्या भरणे फार सुखाचे होते. पण बिघडलेल्या बिअरचे मूळ पुष्कळदा तोटीतच सापडते. प्रत्येक खेपेनंतर ती सुटी करून, आतला वॉशर काढून धुवावी लागते. न उघडता येणारी तोटी असलेले भांडे घेऊच नये. ज्याला हा कंटाळा आहे त्याने तोटीविना भांडे घेऊन सायफनची नळी वापरावी.

भांडे घरी आल्यावर

आकाराचा नियम एका वाक्याचा: जेवढी बिअर, त्याच्या सव्वा ते दीडपट भांडे. बाहेरच्या देशांत पाककृती १९ किंवा २३ लिटरच्या असतात, त्यांना तीस लिटरचे भांडे पुरते.

मग पहिल्या दिवशी त्यात बिअर करू नये. लिटरच्या मापाने पाणी मोजून ओतावे आणि बाहेरच्या अंगाला दर पाच लिटरला खूण करावी. स्टीलच्या कॅनला आत मोजपट्टीची काठी करावी लागेल. भरलेले भांडे रात्रभर ठेवून तोटी आणि रिंग झिरपते का ते पाहावे. भरलेले भांडे एकट्याने उचलता येते का, हेही त्याच वेळी कळते. वीस लिटर म्हणजे वीस किलो आणि वर भांड्याचे वजन. ज्याला ते जमणार नाही त्याने दहा-दहा लिटरची दोन भांडी घ्यावीत. त्यात एक बिघडले तर दुसरे वाचते.

धुण्याचे काम दोन टप्प्यांचे. आधी मळ काढायचा, मग निर्जंतुक करायचे. मळावर औषध ओतून काही होत नाही. स्टीलला धुण्याचा सोडा आणि नंतर उकळते पाणी पुरते. प्लॅस्टिकला उकळते पाणी नको, तिथे दुग्धव्यवसायात वापरतात ते आयोडोफोर पातळ करून चालते, फक्त प्लॅस्टिक पिवळसर होते. ब्लीचिंग पावडर स्टीलवर वापरू नये, त्यातल्या क्लोरीनने टाचणीएवढे खड्डे पडतात. साबणाचा सुगंध भांड्यात राहतो आणि बिअरचा फेस मारतो, म्हणून सुवासिक साबण लांबच ठेवावा.

बोअरच्या पाण्याने धुतलेल्या भांड्यावर काही दिवसांनी पांढरा थर दिसू लागतो. बिअरमधले कॅल्शियमही तसाच खरखरीत थर धरते, आणि त्याखाली जिवाणू सुखाने राहतात. दर चार-पाच खेपांनंतर लिंबूसत्त्वाच्या कोमट पाण्यात भांडे तासभर भिजवावे, थर मऊ पडतो. मग बोटांनी आतून चाचपून पाहावे. खरखर लागली तर पुन्हा भिजवावे.